रमजानचे रोजे आणि मधुमेहाची गोळी



साखर कारखान्याच्या पत्रकात मधुमेहावरचा लेख पाहून काहीजण गालातल्या गालात हसतील. हसू द्या. ज्यांनी ऊस पिकवला त्यांच्याही घरात हा आजार शिरला आहे, आणि आपल्या मुस्लिम सभासद बांधवांत, ट्रॅक्टरवाल्यांत रोजे धरणारी मधुमेही मंडळी आहेत. त्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२६ साली तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. पुढची काही वर्षे तो ऐन गळीत हंगामातच येणार. म्हणजे पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत पोटात अन्न नाही, घोटभर पाणी नाही, आणि फडातले काम तर कुणासाठी थांबत नाही.

मधुमेह म्हटला की आपल्या डोक्यात 'साखर वाढली' एवढेच येते. रोज्यात मोठी भीती असते ती साखर उतरण्याची. २००१ साली तेरा देशांतल्या बारा हजारांवर मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. मोठेपणी जडणाऱ्या मधुमेहात साखर धोक्याइतकी उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये एरवीच्या साडेसात पट भरले.

असे का होते? ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. सहेरीला नेहमीची गोळी घेतली की ती दिवसभर आपले काम करीतच राहते. दुपार कलली की हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलणे भरकटते. बघणारे म्हणतात, ऊन लागलं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्याला हा धोका पुष्कळ कमी. इन्सुलिन टोचून घेणाऱ्याने मात्र जास्तच जपावे. म्हणून रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टर गाठावा. कोणती गोळी इफ्तारवर न्यायची, कशाची मात्रा कमी करायची, हे कागदावर लिहून घ्यावे. शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही, आणि आपल्या मनाने गोळी बंद करणे तर त्याहून वाईट.

बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. तेव्हा ती भीड बाळगू नये. तपासणीत आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर दिसला, तर रोजा तिथल्या तिथे सोडावा. इफ्तारला आता दहाच मिनिटं राहिली, तेवढी कळ काढू, असे म्हणू नये. साखर उतरली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. (आपल्या कारखान्याची साखर मधुमेह्याला औषध म्हणून चालते ती अशा वेळी!) माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा.

आजाऱ्याला कुराणातच सवलत आहे. राहिलेले रोजे पुढे धरता येतात. कधीच धरता येणार नाहीत अशाने गरिबाला जेवू घालावे, असे सांगितले आहे. लहानपणापासून इन्सुलिनवर असणारे, मूत्रपिंड बिघडलेले, नुकतीच साखर उतरून पडलेले, अशांनी ही सवलत घ्यावी, असेच डॉक्टर सांगतात. घरच्या म्हाताऱ्यांना हे पटत नसेल तर मौलवीसाहेबांना विचारा.

खाण्याचे थोडक्यात. सहेरी चुकवू नये, आणि होता होईल तो उशिरा करावी. ज्वारीची भाकरी, डाळ, अंडे, दही बराच वेळ टिकते. इफ्तारला एखाददुसरा खजूर आणि साधे पाणी. सरबताचे पेले आणि भज्यांच्या ताटल्या पाहुण्यांपुढे सरकवाव्यात. रात्रीची तरावीहची नमाज व्यायामातच धरा.

ट्रॅक्टरच्या पेटीत साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली ठेवा. काट्यावरच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या गाडीवाल्यालाही सांगून ठेवा, की मला डायबेटिस आहे आणि आज रोजा आहे.