चर्चासत्रांतील निमंत्रित वक्ते आणि प्राध्यापिकांचे स्थान : मेंदूविज्ञानातील मोजणीच्या संदर्भात

चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेवर बीजभाषक, साधनव्यक्ती, सत्राध्यक्ष, सूत्रसंचालन, आभारप्रदर्शन अशी नावांची उतरंड छापलेली असते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील प्राध्यापकांना ती चांगलीच परिचित आहे. प्रस्तुत लेखिकेने आयोजन समित्यांत काम केले आहे. सूत्रसंचालन व आभार प्राध्यापिकांकडे येतात आणि बीजभाषण पुण्याहून येणाऱ्या सरांकडे जाते, असा तिचा अनुभव आहे. परंतु अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. असा पुरावा मोजणीतून कसा मिळवता येतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही मोजणी मेंदूविज्ञानाच्या क्षेत्रात विशेष काटेकोरपणे केली गेली. अमेरिकेतील मेंदूवैज्ञानिक याएल निव यांच्या पुढाकाराने 2015 मध्ये ‘बायस वॉच न्यूरो’ हा उपक्रम सुरू झाला. मेंदूविज्ञानाच्या परिषदांतील निमंत्रित वक्त्यांपैकी स्त्रिया किती, हे तो नोंदवतो. मात्र केवळ संख्या नोंदवून तो थांबत नाही. त्या उपशाखेत काम करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण किती आहे हे आधी ठरवून त्याच्याशी तुलना केली जाते. या प्रमाणास आपण ‘आधार-प्रमाण’ म्हणू. ज्या शाखेत मुळात दहापैकी एकच स्त्री आहे, तिथे व्यासपीठावर निम्म्या स्त्रिया का नाहीत असे विचारणे आयोजकांवर अन्याय करणारे ठरेल. याच धर्तीवर भारतात 2020 मध्ये वैष्णवी अनंतनारायणन व श्रुती मुरलीधर यांनी ‘बायस वॉच इंडिया’ सुरू केले. देशातील विज्ञान-तंत्रज्ञान संस्थांच्या अध्यापकवर्गात स्त्रिया सुमारे 17 टक्केच असल्याचे त्यांच्या पाहणीत आढळले. जीवशास्त्रात हे प्रमाण त्याहून अधिक, तर अभियांत्रिकीत बरेच कमी होते.

महाविद्यालयांचे आधार-प्रमाण मात्र वेगळे आहे. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार उच्च शिक्षणातील एकूण अध्यापकांपैकी 43 टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. आता एक साधे गणित करू. आठ वक्त्यांची निवड निव्वळ योगायोगाने झाली आणि आधार-प्रमाण 17 टक्के असेल, तर आठही पुरुष येण्याची शक्यता सुमारे 22 टक्के असते. म्हणजे अशा एखाद्या परिषदेवरून काहीच सिद्ध होत नाही. आधार-प्रमाण 43 टक्के असेल तर तीच शक्यता जेमतेम 1 टक्का उरते. त्यामुळे राष्ट्रीय संशोधन संस्थेला जे कारण पुढे करता येईल, ते आपल्या मराठी, वाणिज्य वा वनस्पतिशास्त्र विभागास तितक्या सहजपणे पुढे करता येणार नाही. विषयागणिक प्रमाण बदलते, हे अर्थात ध्यानात ठेवावे लागेल.

‘बायकांना बोलावले तरी त्या येत नाहीत’ हे उत्तर सर्वत्र ऐकू येते. अमेरिकेतील 50 नामांकित विद्यापीठांतील निमंत्रित व्याख्यानांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष वक्ते अपेक्षेहून अधिक आढळले, परंतु निमंत्रण नाकारण्याच्या प्रमाणात स्त्री-पुरुषांत लक्षणीय फरक दिसला नाही. आपल्याकडे पुणे-नाशिक मार्गावरून सायंकाळी परतण्याची अडचण खरी आहे. पण ती विचारणा केल्यावर सांगण्याची गोष्ट आहे, विचारणा न करण्याचे कारण नव्हे. यादी घडते ती दूरध्वनीवर. समिती बसते, कोणाचा तरी मार्गदर्शक आठवतो, कोणाचा सहाध्यायी आठवतो, आणि चहा येण्यापूर्वी नावे ठरलेली असतात. यात द्वेष नसतो, केवळ ओळख असते. 2014 मध्ये आर्टुरो कासाडेव्हाल व जो हँडल्समन यांनी सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिषदांची आकडेवारी तपासली. ज्या सत्रांच्या निमंत्रकांत किमान एक स्त्री होती, तिथे वक्त्यांतील स्त्रियांचे प्रमाण केवळ पुरुष निमंत्रक असलेल्या सत्रांच्या तुलनेत 72 टक्क्यांनी अधिक होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास एकाच घरात सापडतो. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याने प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह सोडला नाही, तेव्हा एका वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांच्या भगिनी दुर्गा भागवत 1975 मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या; 1961 च्या कुसुमावती देशपांडे यांच्यानंतर त्या दुसऱ्याच. त्याच वर्षी असीमा चॅटर्जी या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष ठरल्या. मेंदूविज्ञानापुरते बोलायचे तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे (2010) व विदिता वैद्य (2015) या दोघींना भटनागर पुरस्कार मिळाला आहे. ‘नावच सुचत नाही’ ही सबब निदान या विषयात तरी चालणारी नाही.

हा प्रश्न केवळ मानसन्मानाचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत राष्ट्रीय पातळीवरील निमंत्रित व्याख्यानास 3, तर राज्य वा विद्यापीठ पातळीवरील व्याख्यानास 2 गुण आहेत. सूत्रसंचालनास त्या तक्त्यात स्थान नाही. दिवसभर व्यासपीठावर उभी राहिलेली प्राध्यापिका वर्षअखेरीस अहवाल भरताना त्या रकान्यात काय लिहिते, हे प्रत्येक विभागप्रमुखाने एकदा पाहावे.

खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन भरत आले आहे. रामन यांच्या शोधाच्या स्मरणार्थ असलेल्या या दिवशी दोन्ही तालुक्यांतील मुली आपापली उपकरणे मांडून उभ्या असतात. यांतील काही पुढे आपल्याच महाविद्यालयांत प्राध्यापिका होतील. आपल्या समित्यांना आजच करता येण्याजोगी गोष्ट लहानशी आहे: चर्चासत्राच्या प्रस्तावात विषयातील आधार-प्रमाण, विचारणा केलेल्या वक्त्यांची नावे आणि नकार आल्यास त्याचे कारण, असे तीन रकाने वाढवावेत आणि ते पहिला दूरध्वनी करण्यापूर्वी आखावेत.