लघुग्रहांचे माप सांगणारे चंद्र

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांदरम्यान सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान खडकाळ पिंडांना, म्हणजे लघुग्रहांना, स्वतःचे चंद्र असू शकतात याची निःसंदिग्ध खात्री १९९४ साली पटली, कारण आदल्या वर्षी इडा या लघुग्रहाजवळून गेलेल्या ‘गॅलिलिओ’ यानाच्या छायाचित्रांत त्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा चंद्र डॅक्टिल आढळला.

भारताच्या दृष्टीने सिल्व्हियाचे उदाहरण अधिक जिव्हाळ्याचे आहे. नॉर्मन पॉग्सन यांनी १८६६ साली मद्रास वेधशाळेतून शोधलेल्या या लघुग्रहाभोवती २००१ मध्ये हवाई बेटांवरील केक दुर्बिणीतून रोम्युलस, आणि चिलीतील दुर्बिणीच्या २००४ मधील निरीक्षणांतून रेमस सापडला. दोन चंद्र आढळलेला हा पहिलाच लघुग्रह. चंद्राचे अंतर आणि प्रदक्षिणाकाल कळला, की केप्लरच्या नियमाने मधल्या पिंडाचे वस्तुमान काढता येते, आणि या शोधांचे खरे मोल त्यातच आहे. रोम्युलस सुमारे १३६० किलोमीटरवरून ३.६५ दिवसांत फेरी पुरी करतो. त्यावरून सिल्व्हियाची घनता पाण्याच्या केवळ सव्वापटीच्या आसपास निघाली, म्हणजे तो एकसंध खडक नसून टकरीत फुटलेल्या तुकड्यांचा, आत पोकळ्या राहिलेला ढिगारा असावा.

मोठ्या पिंडाच्या उजेडाला खेटून असलेला अशा चंद्राचा अंधुक ठिपका दिसण्यासाठी हवेच्या थरथरीने विस्कटलेली प्रतिमा लवचीक आरशाचा आकार क्षणोक्षणी बदलून सावरावी लागते. या तंत्राला अनुकूली प्रकाशिकी म्हणतात, आणि पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेने अमेरिकेतील कॅल्टेकच्या साथीने उभारलेली ‘रोबो-एओ’ ही त्याच तंत्राची स्वयंचलित यंत्रणा पॅलोमार येथील दीड मीटरच्या दुर्बिणीवर चालली, ही पुणेकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

तथापि असे चंद्र शोधण्याची दुसरी वाट पुण्यातील बिबवेवाडीतल्या गच्चीवरूनही जाते. लघुग्रह ताऱ्यासमोरून सरकला, की तारा काही सेकंद झाकला जातो. यास पिधान म्हणतात. येथे लघुग्रह दिसण्याची गरज नसते, ताऱ्यावर नजर ठेवून अचूक वेळ नोंदवायची असते, त्यामुळे दिव्यांनी उजळलेल्या शहरी आकाशातही पुरेसा ठळक तारा असल्यास लहान दुर्बीण आणि व्हिडिओ कॅमेरा भागवून नेतो. मे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन हौशी निरीक्षकांना अरेसिबो या लघुग्रहाच्या पिधानात तारा एकदा नव्हे, दोनदा विझलेला आढळला, आणि जूनमध्ये कॅलिफोर्नियातून तसेच पिधान टिपले गेल्यावर त्याचा चंद्र निश्चित झाला. लघुग्रहाची सावली पृथ्वीवर अरुंद पट्ट्यातूनच सरकते. म्हणून एका मोठ्या वेधशाळेपेक्षा या कामी गावोगावी विखुरलेले निरीक्षक अधिक उपयोगी पडतात.