कर आपण भरतो, मग उपचार ‘फुकट’ कसे?

सरकारी दवाखान्यात फुकट उपचार होतात, असं आपण सहज बोलून जातो. पण ते खरंच फुकट असतात का? आयकर भरत असाल तर त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर देता. नसाल भरत, तरी साबण-बिस्किटांवर जीएसटी देताच!

वाराणसीचंच बघा. बीएचयूच्या आवारात २०१९ मध्ये टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र सुरू झालं. उपचारांसाठी मुंबई गाठणाऱ्या पूर्वांचलातल्या रुग्णांना जवळच सोय झाली. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी याच शहरातून सुमारे ६४ हजार कोटींचं आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा मिशन सुरू झालं. हा पैसा तुमच्या-माझ्या करातूनच येतो.

आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. २०२४ पासून ७० वर्षांवरच्या ज्येष्ठांना उत्पन्नाची अटही नाही. मात्र हे कार्ड मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येतं. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचं काय?

म्हणूनच वाटतं, सरकारने विमा जरूर द्यावा. पण घराजवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि औषधंही हवीतच. तिथे गोळ्या मिळाल्या नाहीत, तर तुम्हीही गप्प परतू नका. लेखी तक्रार द्या. हिशेब तुमच्याच पैशांचा आहे.