टेलिफोनच्या एका मिनिटाची किंमत

इंदूरच्या राजवाड्यापाठीमागे सराफा आहे आणि जवळच खजुरी बाजार. या पेठांतील बराचसा व्यवहार तोंडच्या शब्दावर चालत आला, आणि तो शब्द परगावी पोहोचवण्यास टेलिफोनसारखे दुसरे साधन नव्हते. परंतु टेलिफोन मिळवणे ही गोष्ट पूर्वी सोपी नव्हती. अर्ज करावा, अनामत भरावी आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी. कारण टेलिफोन देणारे खाते एकच होते व ते सरकारचे होते. या स्थितीत पहिला बदल घडला तो याच शहरात. ४ जून १९९८ रोजी भारती टेलिनेट या कंपनीने इंदुरात तारेच्या टेलिफोनची सेवा सुरू केली. स्वतंत्र भारतात खासगी कंपनीने घरोघर व दुकानोदुकानी टेलिफोनची तार नेण्याचा हा पहिला प्रसंग होय.

‘स्वतंत्र भारतात’ असे म्हणावयाचे कारण एवढेच की, मुंबईत १८८२ साली टेलिफोन आला तो मुळी खासगी कंपनीमार्फतच. सरकारने ती व्यवस्था आपल्या हाती घेतली १९४३ मध्ये. म्हणजे मक्तेदारी ही काही टेलिफोनच्या जन्माबरोबर आलेली नव्हती. ती पुढे आली, रुजली, आणि अखेर १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने तिला पहिले खिंडार पाडले. देशाची मंडले पाडून प्रत्येक मंडलात सरकारी खात्यासमोर एक खासगी प्रतिस्पर्धी उभा करावा, असे ठरले. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, आंध्र, गुजरात, राजस्थान आणि पंजाब अशा सहा मंडलांतच असे परवाने प्रत्यक्षात आले. स्पर्धा सुरू झाली, असे त्या वेळी पुष्कळांना वाटले. वस्तुतः परवाना मिळाल्याने स्पर्धेचे केवळ दार दिसते. ते उघडण्याची किल्ली निराळीच असते.

राजवाड्याजवळच्या एखाद्या कापडदुकानदाराने नव्या कंपनीचा टेलिफोन घेतला, असे समजावे. त्याची गिऱ्हाइके, अडते, पेढीवाले, फार काय त्याचे व्याहीदेखील जुन्या खात्याच्या तारेवर. नव्या कंपनीची तार जुन्या खात्याच्या एक्स्चेंजला जोडलेली नसेल, तर या दुकानदाराच्या गादीवरील ते यंत्र शोभेची वस्तू होय. मंडलाबाहेर बोलावयाचे तर अडचण आणखी मोठी. कारण एका मंडलातून दुसऱ्या मंडलात जाणारी टेलिफोन वाहतूक २००० सालापर्यंत सरकारी खात्याकडेच होती. जुन्या खात्याला नव्या कंपनीच्या मूठभर ग्राहकांची गरज नव्हती. नव्या कंपनीला मात्र जुन्या खात्याच्या प्रत्येक ग्राहकाची गरज होती. शिवाय परवाना देणारे तेच, जोडणीच्या अटी घालणारे तेच आणि बाजारातील प्रतिस्पर्धीही तेच. अशा ठिकाणी ‘दोघांनी आपसांत ठरवावे’ असे म्हणणे म्हणजे एका पक्षाला दुसऱ्याच्या दयेवर सोडणे होय.

म्हणूनच तिसऱ्याची आवश्यकता भासली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ साली स्थापन झाले. त्याचे आरंभीचे अधिकार तोकडे होते, आणि न्यायालयांतून ते आणखी तोकडे ठरत गेले. २००० साली कायद्यात दुरुस्ती होऊन, जुन्या परवान्यांत काहीही लिहिलेले असो, परस्परजोडणीच्या अटी ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणास स्पष्ट शब्दांत मिळाला. तंट्यांसाठी स्वतंत्र अपिलीय न्यायाधिकरण झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सरकारी खात्याची सेवा भारत संचार निगमाकडे गेली. अधिकाराचा प्रश्न सुटला. मग खरा प्रश्न उभा राहिला : दुसऱ्याच्या तारेवरून आलेले बोलणे आपल्या ग्राहकाच्या कानापर्यंत पोहोचवण्यास एका मिनिटाला खर्च तरी किती येतो?

हा प्रश्न वरवर हिशेबनिसाचा दिसतो. त्याची अवघड जागा कोठे आहे हे समजण्यास राजवाड्याचेच उदाहरण घेता येईल. राजवाड्याचा दर्शनी भाग सात मजल्यांचा. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. अशा वाड्याचे मजले निरनिराळ्या बिऱ्हाडांना भाड्याने द्यावयाचे ठरले, तर जिन्याचा खर्च कोणावर किती टाकावा? एक म्हणेल, सर्व बिऱ्हाडांत सारखा वाटा. दुसरा म्हणेल, जिना तर आधीच बांधलेला आहे. सातव्या मजल्यावर एक बिऱ्हाड वाढल्याने जिन्याची जी जादा झीज होईल आणि जो जादा दिवा लागेल तेवढाच त्याच्याकडून घ्यावा. पहिल्या रीतीत एकूण खर्च सर्वांवर वाटला जातो. दुसरीला दीर्घकालीन वाढीव खर्चाची रीत म्हणतात. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत. तथापि त्यांची उत्तरे एकमेकांपासून कित्येक पटींनी दूर जाऊ शकतात. जुना घरमालक पहिलीच्या बाजूने बोलतो आणि नवे बिऱ्हाड दुसरीच्या बाजूने, हे सांगावयास नको.

शिवाय जिन्याची किंमत कोणती धरावी? १९८४ च्या आगीत राजवाड्याचे लाकडी मजले जळाले. तेथील एका तुळईचे मोल काढावयाचे, तर होळकरांनी मोजलेले दाम घ्यावे की आज तेच सागवान आणण्यास पडतील ते दाम घ्यावे? की आजचा शहाणा बांधणारा सागवानाऐवजी लोखंड वापरील, म्हणून लोखंडाचे दाम घ्यावे? टेलिफोनच्या बाबतीत हाच वाद तांब्याच्या तारा, एक्स्चेंज आणि खणलेले चर यांविषयी होतो. जुन्या वहीतील आकडा धरला तर पूर्वीच्या उधळपट्टीचा भुर्दंडही नव्या कंपनीच्या माथी बसतो. आजच्या तंत्राचा आकडा धरला तर जुन्याने केव्हाच गुंतवलेला पैसा वाऱ्यावर जातो. यंत्रे दिवसातील सर्वांत गर्दीच्या तासाला पुरतील इतकी उभारावी लागतात. मध्यरात्रीच्या मिनिटावर त्यांचा किती बोजा टाकावा, हेही ठरवावे लागते. आणि भांडवलावर योग्य परतावा कोणता, यावर तर दोन तज्ज्ञांचे सहसा एकमत होत नाही.

या गुंतागुंतीतून एक नवा व्यवसाय जन्मास आला. तो म्हणजे दूरसंचार-नियमनाच्या सल्लागारांचा. ब्रिटनमध्ये १९८४ साली सरकारी टेलिफोन कंपनी भागधारकांना विकली गेली आणि तिच्या दरांवर देखरेख करणारे कार्यालय निघाले. त्याच्या आदल्या वर्षी स्टीफन लिटलचाइल्ड या अर्थशास्त्रज्ञाने, महागाई वाढेल त्यापेक्षा ठरावीक टक्क्यांनी कमीच दरवाढ होऊ द्यावी, असे सूत्र सुचवले होते. पुढे देशोदेशी मक्तेदाऱ्या मोडल्या, आणि अभियंते, अर्थशास्त्रज्ञ व हिशेबनीस एकत्र बसून कागदावर एक काल्पनिक टेलिफोन-जाळे उभे करू लागले. इतके ग्राहक, इतकी वाहतूक, इतकी अंतरे. यांना पुरेल असे जाळे आज नव्याने बांधावयाचे तर काय पडेल? त्या उत्तराला मिनिटांनी भागले की दर निघतो. हे काम कौशल्याचे आहे, यात शंका नाही. परंतु त्यात घातलेल्या प्रत्येक गृहीतकाला धनी असतो. सल्लागार कधी नियामकाने नेमलेला असतो, कधी जुन्या कंपनीने तर कधी नव्या. आणि प्रत्येकाच्या कागदावरील जाळे त्याच्या यजमानास सोयीचे निघते, हा योगायोग फार वेळा घडतो.

आपल्या देशात २००३ साली याचा प्रत्यय आला. स्थानिक टेलिफोनचे भाडे व दर खर्चापेक्षा कमी ठेवलेले होते. ती तूट पूर्वी परगावच्या महागड्या कॉलमधून भरून निघे. स्पर्धेमुळे परगावचे दर कोसळू लागले, तेव्हा ही तूट भरण्यासाठी इतर कंपन्यांनी एक आकार द्यावा असे ठरले. त्याचा हिशेब जानेवारीत झाला आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये झाला. ऑक्टोबरचा आकडा सुमारे ५,३०० कोटी रुपये होता. जानेवारीच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. नऊ महिन्यांत जमिनीतील तारा काही बदलल्या नव्हत्या. तुटीत कोणता खर्च धरावयाचा, याचे नियम बदलले होते.

त्याच हिशेबात दुसऱ्याचा कॉल पोहोचवण्याचा आकार मिनिटाला ३० पैसे ठरला. २००९ मध्ये तो २० पैसे झाला, २०१५ मध्ये मोबाइलसाठी १४ पैसे, आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे. या शेवटच्या पायरीला मोठे भांडण झाले. २०१६ च्या सप्टेंबरात रिलायन्स जिओ बाजारात उतरली होती. तिच्या ग्राहकांचे बोलणे मोठ्या प्रमाणावर जुन्या कंपन्यांच्या जाळ्यात जात असे. जुन्या कंपन्या म्हणत, आमचा खर्च १४ पैशांहूनही अधिक आहे. नवी म्हणे, हा आकार असूच नये. प्राधिकरणाने केवळ वाढीव खर्च धरण्याची रीत स्वीकारली आणि ६ पैसे निघाले.

या पैशांची ओढ किती विलक्षण गोष्टींपर्यंत पोहोचते, ते २०१९ साली दिसले. टेलिफोनची घंटा किती सेकंद वाजावी, यावर कंपन्यांचा तंटा जुंपला! घंटा लवकर थांबली की उचलण्यापूर्वीच कॉल हुकतो. मग ज्याला तो आला होता तो उलट कॉल करतो, आणि ६ पैसे देणारी बाजू घेणारी होते. काही कंपन्यांनी घंटेची मुदत २५ सेकंदांवर आणली. अखेर १ नोव्हेंबर २०१९ रोजी प्राधिकरणास मोबाइलची घंटा ३० सेकंद व तारेच्या टेलिफोनची ६० सेकंद, असा हुकूम काढावा लागला. स्वयंपाकघरातून ओले हात पुसत येणाऱ्या गृहिणीला आपली घंटा मध्येच का थांबते हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हा आकार १ जानेवारी २०२० रोजी शून्यावर यावयाचा होता; तो एक वर्ष पुढे ढकलला जाऊन १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला.

दर ठरला तरी जोडणी पुरेशी देण्याचा प्रश्न उरतोच. १९९८ मध्ये इंदुरात नवी असलेली भारती कंपनी २०१६ पर्यंत जुन्यांच्या रांगेत जाऊन बसली होती, आणि आता जोडणी अपुरी दिल्याची तक्रार तिच्यासह इतर जुन्या कंपन्यांविरुद्ध जिओने केली. हे प्रकरण २००२ च्या कायद्याने निर्माण झालेल्या स्पर्धा आयोगाकडे गेले. आयोगाने चौकशीचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये तो रद्द केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जोडणी देण्याचे कर्तव्य काय व ते मोडले की नाही, हे प्रथम दूरसंचार प्राधिकरणाने ठरवावे. तसे आढळल्यानंतरच संगनमताचा विचार स्पर्धा आयोगाने करावा. आयोगाचा अधिकार नाहीसा झाला नाही. त्याची पाळी मागाहून आली.

प्राधिकरणाने आपले अधिकार पारदर्शकपणे वापरावेत, असे कायद्याचे बंधन आहे. त्यासाठी विचारविनिमयाचा कागद प्रसिद्ध होतो, लेखी मते मागवली जातात आणि खुली चर्चा होते. ही औपचारिकता नव्हे. तुटलेल्या कॉलबद्दल भरपाई देण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला, तेव्हा पारदर्शकतेचा अभाव हे त्याचे एक कारण होते. तथापि या चर्चांत कंपन्यांचे सल्लागार शेकडो पानांचे हिशेब घेऊन येतात आणि ग्राहकांच्या संघटना येतात त्या बहुधा तक्रारी घेऊन. हिशेबाला हिशेबाने उत्तर देणारा मनुष्य ग्राहकाच्या बाजूला क्वचितच असतो. त्याचे शुल्क कोणी द्यावयाचे, याची तजवीज झालेली नाही.

दरम्यान नवे भांडण उभे राहिले आहे. बोलण्याच्या मिनिटाचा आकार शून्य झाला, पण चित्रफितींची वाहतूक अफाट वाढली. ज्यांच्या चित्रफितींनी जाळी भरून जातात त्या परदेशी कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, अशी मागणी दूरसंचार कंपन्या करीत आहेत. जिन्याचा खर्च कोणावर किती, हा प्रश्न पुन्हा आला आहे. या खेपेस बिऱ्हाडकरू घरमालकाहून धनाढ्य आहे, एवढाच फरक.