तळणीच्या तेलाचे काय होते?

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस इंदूरच्या आमच्या घराला तळणीचा वास असतो. वहिनी चकल्या, शेव, कडबोळी करून ओळखीच्या मराठी घरांना पुरवतात. गेल्या वर्षी त्यांनी कढईकडे बोट दाखवून विचारले, "भाऊजी, हे तेल अजून चालेल का?" रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, तरी मला चटकन उत्तर देता आले नाही. तेल ओतून द्यायचे तर त्या दिवसाच्या कमाईवर पाणी आणि ठेवायचे तर गिऱ्हाइकांच्या पोटाचा प्रश्न.

तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. चकली तेलात सोडली की जे बुडबुडे येतात, ती पिठातल्या पाण्याची वाफ. हे पाणी काही मेदाम्लांना ग्लिसरॉलपासून तोडते. सुटी झालेली मेदाम्ले तेलाचा धूर लवकर काढतात. ग्लिसरॉल फार तापले की त्यापासून ॲक्रोलीन तयार होते. हिवाळ्यात सराफ्यात गराडू तळणाऱ्याच्या धुरकट कढईपाशी उभे राहिल्यावर डोळे चुरचुरतात, त्यात या ॲक्रोलीनचा हात असतो.

हवेतल्या ऑक्सिजनची करामत याहून मोठी. माळव्यात घरोघरी सोयाबीनचे तेल. त्यातले निम्म्याहून अधिक मेदाम्ल लिनोलिक असते. त्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि त्या दोहोंमधल्या कार्बनवरचा हायड्रोजन अगदी सैल बसलेला असतो. तो निघाला की तिथे ऑक्सिजन शिरतो व पेरॉक्साइडे बनतात. तळणीच्या उष्णतेत ती टिकत नाहीत, फुटून अल्डिहाइडे होतात. गंमत अशी, की तळणीचा जो खमंग वास आपल्याला अंगणापासून आत ओढतो, तो बराचसा यांतल्याच एका अल्डिहाइडचा, डेकाडायइनलचा असतो. त्याच घराण्यातले हायड्रॉक्सीनोनेनल मात्र शरीरातल्या प्रथिनांना जाऊन चिकटते, म्हणून संशोधक त्याच्यावर नजर ठेवून असतात. शेंगदाण्याच्या तेलात ओलिक मेदाम्ल अधिक. त्याला एकच दुहेरी बंध, त्यामुळे ते पुष्कळ सावकाश बिघडते.

तिसरी क्रिया म्हणजे रेणू एकमेकांना जोडले जाणे. पाठ्यपुस्तकात तिला बहुवारिकीकरण म्हणतात. हा शब्द फळ्यावर लिहिला की इंदूरची मुले हसत, आणि मलाही तो कधी आवडला नाही. वहिनींचा शब्द 'चिकटा'. कढईच्या काठावर जो तपकिरी थर बसतो आणि राखेने घासूनही सुटत नाही, तोच हा. तेल दाट होते, फेस धरते, आणि तो फेस चकल्या काढून घेतल्यावरही बसत नाही. तसेच 'खवट' हा शब्द घ्या. जळके तेल वेगळे आणि खवट तेल वेगळे, हा भेद आपल्या भाषेने प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी केलेला आहे.

या सगळ्यांतले जे न उडता तेलात साचत राहते, त्याला ध्रुवीय संयुगे म्हणतात. १ जुलै २०१८ पासून आपल्याकडे नियम आहे, की त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले तर ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. ते मोजणारे हातात धरायचे यंत्र मिळते, पण घरगुती फराळवालीने ते कुठून आणावे? रंगावर भिस्त ठेवू नये. गूळ किंवा मसाला पडला तर चांगले तेलही काळवंडते. न बसणारा फेस, डोळ्यांना झोंबणारा धूर आणि बोटांना लागणारी चिकट ओढ या खुणा अधिक खऱ्या.

मी वहिनींची पद्धत नीट पाहिली तेव्हा खरी चूक सापडली. त्या रोज तासभर तळत आणि उरलेले तेल सासूबाईंच्या पितळी बुधलीत ठेवत. थंड होताना तेल पुन्हा ऑक्सिजन शोषून घेते आणि दुसऱ्या दिवशी तापवले की तो कामाला लागतो. म्हणून रोज थोडे थोडे तळण्यापेक्षा एकाच दिवशी सलग तळलेले तेलाला सोसते. शिवाय पितळेत तांबे असते आणि तांब्याच्या अंशानेही ऑक्सिजनची क्रिया वेग घेते. तळाशी राहिलेला पिठाचा चुरा जळून आणखी भर घालतो.

यंदा त्यांनी चकल्या दोन दिवसांत उरकल्या. कढई लहान घेतली, त्यामुळे तेल मुळातच कमी लागले. उरलेले गाळून स्टीलच्या डब्यात ठेवले आणि एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवले, पुन्हा तळणीला घेतले नाही. बुधली द्यायला मात्र त्या तयार नाहीत. "आईंची आहे," म्हणाल्या, आणि चिंच लावून घासून फळीवर ठेवून दिली.