हरलेला डाव कधी सोडायचा? गुकेशने टिकून काय कमावलं, कास्पारोव्हने सोडून काय गमावलं?

नॉर्वे चेस स्पर्धेत १ जून २०२५ रोजी विश्वविजेता डी. गुकेश मॅग्नस कार्लसनसमोर जवळपास हरला होता. तरीही त्याने डाव सोडला नाही. दोघांचाही वेळ संपत आलेला. ५२व्या चालीला कार्लसनने घोडा चुकीच्या घरात नेला आणि डाव फिरला. हरल्यावर त्याने टेबलावर मूठ आपटली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल.

मग खेळाडू डाव सोडतातच कशाला? बुद्धिबळात शहमात होईपर्यंत खेळण्याची सक्ती नाही. एक हत्ती कमी, बदल्यात काहीच नाही आणि समोर ग्रँडमास्टर असेल, तर पुढचा तास नुसता वाया. पण समोरच्याकडे वेळ कमी असेल किंवा त्याचा राजा उघड्यावर असेल, तर हिशेब बदलतो. सतत शह देत राहिलं, तर हरलेला डावही बरोबरीत सुटतो.

नेमकं हेच गॅरी कास्पारोव्हच्या नजरेतून सुटलं. मे १९९७, न्यूयॉर्क, डीप ब्लू संगणकाविरुद्धचा दुसरा डाव. संगणकाच्या ४५व्या चालीनंतर त्याने हार मानली. डीप ब्लूच्या खेळाने तो इतका दबून गेला होता, की सुटकेची वाट असेल असं त्याला वाटलंच नाही. डाव संपल्यानंतरच्या विश्लेषणात मात्र सतत शह देऊन बरोबरी साधण्याची वाट निघाली. पुढचे तीन डाव बरोबरीत सुटले, सहावा त्याने अवघ्या १९ चालींत गमावला. सामना डीप ब्लूने ३.५-२.५ असा जिंकला. दुसऱ्या डावातला तो अर्धा गुण मिळाला असता, तर याच निकालांवर आकडा ३-३ दिसला असता.