सहावी ते आठवी: आईने शाळेत काय पाहायचं, काय विचारायचं

आम्ही मीरा-भाईंदरच्या बचतगटांच्या सहयोगिनी. दिवाळीची सुट्टी संपली, शाळांचं दुसरं सत्र सुरू झालं, म्हणून आज सहावी, सातवी आणि आठवीच्या वर्गांबद्दल बोलू या.

गटाच्या बैठकीत आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. पोर पहिली-दुसरीत असलं की आई त्याच्या शेजारी बसते, पाढे म्हणून घेते, शुद्धलेखन बघते. सहावी आली की तीच आई म्हणते, "आता आम्हाला काय कळतंय त्यातलं? त्याचं तो बघतो." नेमकं याच तीन वर्षांत पोरांचं बरंच काही मागे राहतं, आणि दहावीच्या निकालापर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही.

सहावीत बदलतं काय? पाचवीपर्यंत बहुतेक शाळांत एकच बाई किंवा गुरुजी सगळं शिकवतात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा आणि समाजशास्त्र यांना जाणणारे वेगवेगळे शिक्षक हवेत. वर्षात किमान २२० दिवस शाळा आणि १,००० तास शिकवणं व्हायला हवं. पहिली ते पाचवीला हाच आकडा २०० दिवस आणि ८०० तास आहे. म्हणजे अभ्यास वाढतो, माणसं वाढतात, आणि पोराकडे सगळ्या बाजूंनी बघणारं एकच माणूस राहत नाही. ते घरी असावं लागतं. त्यासाठी आई शिकलेलीच हवी असं नाही.

आता गणिताचं बघू, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच. बालभारतीच्या सातवीच्या गणितात बँक आणि सरळव्याजाचा धडा आहे. आठवीत सूट आणि कमिशन आहे, चक्रवाढ व्याज आहे. मैत्रिणींनो, हे तर आपण दर महिन्याला करतो! फरक इतकाच की आपल्या तोंडी "शेकडा दोन" असतं आणि पुस्तकात "दरमहा २ टक्के".

एक उदाहरण घ्या. गटातून १०,००० रुपये कर्ज घेतलं, महिना शेकडा दोनने, फेड दर महिना १,००० रुपये मुद्दल. व्याज उरलेल्या मुद्दलावर लावलं, तर पहिल्या महिन्याला २०० रुपये, दुसऱ्याला १८०, तिसऱ्याला १६०, असं उतरत दहाव्या महिन्याला २० रुपये. सगळं मिळून १,१०० रुपये होतं. तेच व्याज दहाही महिने पूर्ण १०,००० वर लावलं तर २,००० रुपये होतं. दर एकच, फरक ९०० रुपयांचा. हे सातवीच्या मुलीला करायला सांगा. बेरीज ती करेल, पण "उरलेल्या मुद्दलावर" म्हणजे काय, हे तिला तुम्ही समजावून सांगू शकता. कदाचित वर्गात समजलं नसेल ते इथे समजेल.

चक्रवाढ व्याज समजायला सावकाराचं उदाहरण पुरतं. १०,००० रुपये महिना शेकडा पाचने घेतले आणि वर्षभर काहीच दिलं नाही. साधं व्याज धरलं तर वर्षाने १६,००० द्यावे लागतील. पण दर महिन्याचं व्याज मुद्दलात मिळवत गेलं तर आकडा जातो सुमारे १७,९५९ वर. आठवीतला मुलगा हे कागदावर मांडून आईला दाखवतो तेव्हा धडा त्याचाही पक्का होतो, आणि आईही पुढच्या वेळी सावकाराच्या दारात जाण्याआधी थांबते.

कमिशनचंही तसंच. आपलं पापडाचं पाकीट ८० रुपयांचं, दुकानदार १५ टक्के कापतो, म्हणजे १२ रुपये गेले, हातात ६८ आले. पीठ, तेल, पिशवी, रिक्षाभाडं वजा करून काय उरलं ते पोराला काढू द्या. व्यस्त प्रमाण म्हणजे तरी काय? चार बायकांना जे काम पाच दिवस लागतं, ते पाच बायकांना चार दिवस.

एक सूचना मात्र करून ठेवतो. पोरीला हिशोब येतो म्हणून गटाची वही कायमची तिच्या गळ्यात घालू नका. काही गटांत आठवीची मुलगीच वही लिहिते, बैठक असली की तिची शाळा बुडते किंवा अभ्यासाची संध्याकाळ जाते. शिवाय कुणाचं किती थकलं आहे हे पोरांपुढे उघडं करणं बरं नाही. उदाहरणं द्या, नावं नकोत. वही आपणच लिहायला शिकायची.

दुसरी गोष्ट वाचनाची, आणि ही जास्त महत्त्वाची आहे. २००५ पासून आपल्या देशात 'असर' नावाची पाहणी होते. गावोगाव घरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा छोटा उतारा वाचायला देतात आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला सांगतात. वरच्या वर्गातल्याही बऱ्याच मुलांना हे जमत नाही, असं दर पाहणीत दिसतं. ही तपासणी आपण घरी करू शकतो, पैसा लागत नाही. धाकट्या भावंडाचं दुसरीचं पुस्तक घ्या आणि सातवीच्या पोराला मोठ्याने वाचायला लावा. आपल्याला वाचता येत नसलं तरी तो अडखळतो का, अक्षर-अक्षर जोडतो का, हे कानाला कळतं. मग काय वाचलंस ते आपल्या शब्दांत सांग म्हणायचं. भागाकारही द्यायचा.

जमलं नाही तर पोराला मारायचं नाही, पाहुण्यांसमोर बोलायचं नाही. वर्गशिक्षकांना भेटून सरळ सांगायचं, "बाई, याला वाचता येत नाही, याला जास्तीचं काय देता येईल?" सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षात ठरावीक चाचण्या होतात, सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग सत्राच्या शेवटी संकलित मूल्यमापन. त्या चाचणीचा पेपर दाखवा म्हणायचा आपल्याला हक्क आहे. "ठीक आहे, हुशार आहे, थोडा मस्ती करतो" एवढ्या उत्तरावर घरी परत यायचं नाही. कोणत्या विषयात, नेमकं काय येत नाही, हे विचारायचं.

आता दप्तराविना दिवसांकडे येऊ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सांगितलं आहे की सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराशिवाय शिकता आलं पाहिजे, आणि त्या दिवसांत त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा गावातल्या जाणत्या माणसांबरोबर काम करून बघायचं. २०२४ च्या जुलैमध्ये केंद्राने त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. हे दहा दिवस सलग असायलाच हवेत असं नाही, दोन-तीन टप्प्यांत घेता येतात. शिवाय आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आहेच. तुमच्या शाळेत हे दिवस कधी ठेवले आहेत, ते आधी विचारून घ्या.

आमच्या भागात अशा दिवसांसाठी काय नाही! भाईंदरच्या खाडीला मिठागरं आहेत. भरतीचं पाणी वाफ्यात घेतात, उन्हाने पाणी उडून जातं आणि मीठ खाली राहतं. विज्ञानाच्या पुस्तकात बाष्पीभवन दोन ओळींत असतं, इथे ते पायाखाली असतं. उत्तनला बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घालतात, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद का असते, हे तिथली कोळीण पोरांना जसं सांगेल तसं कोण सांगणार? भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, सपाट पत्र्याचा डबा कसा होतो ते लांबून बघता येतं. घोडबंदरचा किल्ला आहे. सातवीच्या इतिहासात मराठे आहेत, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या मोहिमेचा हा सगळा खाडीकाठ आहे. पोरं रोज घोडबंदर रोडच्या पाट्या वाचतात, पण किल्ला न पाहिलेलीच जास्त.

तुमच्या गावात मिठागर नसेल, पण रोपवाटिका असेल, गूळ होत असेल, भाताची गिरणी असेल, बांबूच्या टोपल्या विणणारे असतील. आणि गट आहेच. धोरणात ज्यांना जाणती माणसं म्हटलं आहे त्यांत आपणही बसतो. मुख्याध्यापकांना जाऊन सांगा की आमचा गट अर्धा दिवस देईल. मसाला करणारा गट असेल तर पोरांना मिरची वाळण्याआधी आणि वाळल्यावर तोलायला लावा, किती टक्के वजन गेलं ते काढू द्या. पाकिटावर तारीख, वजन, किंमत, अन्न परवान्याचा क्रमांक का छापायचा ते सांगा. बँकेत पैसे भरायची चिठ्ठी लिहायला द्या. दोन-तीन तासांत हे आरामात होतं.

यात दोन ठिकाणी लक्ष ठेवा. एक, मुली पापड लाटायला आणि मुलं वायरमनच्या मागे, अशी वाटणी बहुतेक आपोआप होते. होऊ देऊ नका. मुलीने प्लग बसवावा, मुलाने कणीक मळावी. दोन, हे शिकणं आहे, बिनपैशाची मजुरी नव्हे. पोरांकडून ऑर्डरचा माल भरून घ्यायचा नाही, यंत्राजवळ, उकळत्या तेलाजवळ न्यायचं नाही. आणि दप्तर नाही म्हणून त्या दिवशी पोराला शेतात किंवा धाकट्याला सांभाळायला घरी ठेवू नका, ती सुट्टी नाही.

या सत्रातले बाकीचे दिवस भराभर सांगतो. २६ नोव्हेंबरला संविधान दिन. २२ डिसेंबरला गणित दिन, रामानुजन यांचा जन्मदिवस. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारी विज्ञान दिन. मध्ये विज्ञान प्रदर्शन, क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन असतंच. प्रदर्शनासाठी बाजारातून दोनशे-तीनशेचं तयार मॉडेल आणून देण्याची पद्धत आली आहे, ती आम्हाला पटत नाही. घरातली गाळणी, वाळू, कोळसा घेऊन पाणी स्वच्छ करून दाखवलेलं बरं.

आठवीच्या मुलांसाठी मात्र एक परीक्षा नीट लक्षात ठेवा, एनएमएमएस. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांसाठीची ही शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा, ती बहुधा डिसेंबरमध्ये असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये, थेट मुलाच्या बँक खात्यात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, मूल सरकारी, पालिका-जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं, आणि सातवीत साधारण ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. दोन पेपर असतात, बुद्धिमत्तेचा आणि अभ्यासाचा, प्रत्येकी ९० प्रश्न. अर्ज शाळेमार्फत भरला जातो, म्हणून "आमच्या मुलीचा भरला का?" हे शाळेतच विचारायचं. आठवीचं मूल असेल तर हे आजच विचारा, सातवीचं असेल तर पुढच्या वर्षी जून-जुलैपासून विचारत राहा, आणि उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. दुसरी जुनी शिष्यवृत्ती परीक्षा कधी चौथी-सातवीला, कधी पाचवी-आठवीला होत आली आहे, तेव्हा यंदा आपल्या मुलाच्या इयत्तेला आहे का हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

आठवीबद्दल आणखी एक. "आठवीपर्यंत नापास करत नाहीत" हे आता खरं राहिलेलं नाही. राज्याने २०२३ च्या शेवटी नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नापास झालं तर पुन्हा परीक्षेची एक संधी मिळते, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. पण शाळेतून काढून टाकता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तसं कुणी सांगितलं तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. तुमच्या गटातली कुणी त्यात नसेल तर पुढच्या निवडीला नाव द्या.

आणि शाळा आठवीपर्यंतच असेल, तर नववीची शाळा कोणती, किती लांब, एसटी किती वाजता, बरोबर कोण जाणार, हे फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरवा. जूनपर्यंत थांबलं की मुलींच्या बाबतीत घरात एकच उत्तर तयार असतं: "लांब आहे, आता पुरे." राज्यात सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी माफ आहे, म्हणजे अडचण बहुधा रस्त्याची आणि सोबतीची असते. गावातून चार मुली एकत्र निघाल्या तर सोबत होते, पालकांना एकत्र जाऊन डेपोत एसटीच्या वेळेचा अर्ज देता येतो. म्हणून गटाच्या फेब्रुवारीच्या बैठकीत कर्जमागणी झाली की लगेच एक विषय घ्या: आपल्या गटातल्या किती जणींची मुलगी यंदा आठवीत आहे. नावं लिहा, आणि प्रत्येकीच्या नावापुढे नववीच्या शाळेचं नाव लिहा. जिथे जागा रिकामी राहील तिच्या घरी दोघी-तिघींनी मिळून जाऊन या.